चटईखाली

पहाटे चारला डुकरं ओरडली म्हणून जाग आली.
झापांचा पडदा वर केला
तर अंगणात चटई बसलेली.

म्हणजे चटईखाली माणूस.
मऊ, बारीक विणीची, लाल पिसांच्या काठाची,
लग्नात नाहीतर मयताला काढतात तसली.
समोर दगड, सरपण, नीरफणसाची पानं.
आमच्या सामोआत याचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळतो:
हे दगड तापवा
आणि आम्हालाच भाजा. तुमचा हक्क आहे.

फेतालाई, माझा थोरला, आत कोयता शोधत होता.
म्हटलं, थांब.
घाई कोयत्याला असते, मला नाही.

बर्फाची पिशवी आणायला पाठवलं होतं सोलोमोनाला.
ट्रकचं सांगायला माणसं आली
तोवर रस्त्यावरचं बर्फाचं पाणीसुद्धा वाळलं होतं.

पाळक आले, लुंगी घाईत नेसलेली.
म्हणाले, सीएनी, प्रभूने वधस्तंभावरून...
म्हटलं, ठाऊक आहे. रविवारचा वर्ग मीच घेते.
पण तो स्वतःच्या जखमांबद्दल बोलला.
खाली उभी असलेली मरिया काय म्हणाली
ते कुठे लिहिलंय?
पाळक गप्प झाले.
त्या गप्प होण्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

मुलांना मी जक्कय शिकवते.
झाडावरून उतरला, म्हणाला, लुबाडलं त्याच्या चौपट देतो.
मुलं बोटांवर गुणाकार करतात, खूश होतात.
एकोणिसाचं चौपट शहात्तर.
शहात्तर वर्षं कुणाच्या पिशवीत असतात?

ऊन चढलं. चटईवरचं दव गेलं.
ती हलली नाही,
फक्त एकदा खोकली.

खोकला म्हाताऱ्याचा होता.

मी उतरले, चटई उचलली.
खाली आसोमुआ, त्यांच्या घराण्याचे प्रमुख,
ज्यांनी आयुष्यात सायकलदेखील चालवली नाही.
गुडघ्यांत खडी रुतलेली.

मला हसू आलं. खरंच, त्या क्षणी.
वीस वर्षं हेच शिकवत आले,
निर्दोष माणूस दुसऱ्याच्या जागी बसला.
फळ्यावर खडूने लिहायचे.
खडी कधी पाहिली नव्हती.

त्यांना हाताला धरून उठवलं. कोको दिला.
म्हटलं, घराघरांतलं मिटलं.
तुमची पोरं आमच्या वाटेने शाळेत जाऊ देत.
पण नीरफणसाआड उभा आहे ना,
त्याला पुढे पाठवा.

आला. नाव तालालेलेई,
आमच्या भाषेत शुभवर्तमान.
माझ्या पायांकडे बघत राहिला.
विचारलं, किती वेगात होतास?
म्हणाला, आठवत नाही.
मी चटईची घडी घालत बसले.
एक घडी. दुसरी.
तिसरीला म्हणाला,
नव्वद. प्यायलो होतो.
आणि थांबलो नाही.

सोमवारी आपिआला कोर्टात तारीख आहे.
एकाच बोटीने जाऊ.
न्यायाधीशांपुढे ही तीन वाक्यं म्हण, याच क्रमाने.
म्हातारे तुझ्या जागी बसले ते माझ्या अंगणात,
तिथे तुझी जागा तुझीच.
मी मागच्या बाकावर असेन.
शिक्षा कमी करा म्हणेन की नाही, ठाऊक नाही.
वाढवा म्हणणार नाही.

दगड त्यांनी परत नेले नाहीत.
संध्याकाळी त्यांच्यावर टारो भाजले, अर्धे त्यांच्याकडे धाडले.
फेतालाई जेवला नाही.
त्याला मी काही बोलले नाही. त्याची चटई अजून बसलेली आहे.

आणि ही, रिवाजाने, माझ्याकडे राहिली.
सगळे झोपल्यावर डोक्यावरून घेतली
आणि अंगणात बसले.

बर्फ आणायला मीच पाठवलं होतं.
घरात थोडा होता.

इतक्या बारीक विणीतूनही वारा आत येतो,
हे बाहेरून कळत नाही.